धुऱ्यावरचं भांडण

वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. नांदुरा तालुक्यात दोन भावांची वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, म्हणजे आता भांडण मिटलं असं कोणी समजत नाही. पाच एकर कोणाचे आणि चार कोणाचे हे कागदावर असतं, त्यावर फारसं कोणी बोलतही नाही. तहसीलपर्यंत जातात ती प्रकरणं धुऱ्याची, पांदण रस्त्याची, सामाईक विहिरीच्या पाळीची आणि डीपीवर कोणाची मोटर आधी चालवायची याची. वाटणीत जे वाटायचं राहून गेलं, तिथेच काठ्या निघतात.

एका सर्व्हरवर वेगवेगळ्या वर्षी बांधलेल्या वेबसाइट नांदवताना जे घोळ होतात, ते मला नेहमी याच जातीचे वाटत आले आहेत. 'जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती यांचं पटत नाही' असं आपण सहज बोलून जातो. खरं तर त्या दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या फोल्डरांत त्या वर्षानुवर्षं सुखाने पडून राहू शकतात. टक्कर होते ती एखाद्या सामाईक वस्तूवर. ती वस्तू कधी एखादी चालू प्रोसेस असते, कधी वरच्या फोल्डरातली सेटिंगची फाइल, कधी कुकीचं नाव, तर कधी अक्षरं साठवायची पद्धत. कोणती ते सापडलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मात्र रात्री अकरानंतरच करावं लागतं, कारण दिवसा गिऱ्हाईक फोन करतं.

समजा, नांदुऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर एक तरुण वेबसाइट करून देण्याचा धंदा करतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात त्याने पहिल्यांदा माऊस हातात धरला, पुढे पदवी घेतली आणि पुण्याला न जाता गावातच राहिला. एका अडत दुकानाची साइट त्याच्या आधीच्या माणसाने २०११ साली कोडइग्नायटर नावाच्या फ्रेमवर्कमध्ये करून ठेवलेली, ती त्याच्या गळ्यात आली. तूर, सोयाबीन, हरभरा आणि कापसाचे रोजचे भाव एवढंच तिच्यावर दिसतं. पुढे एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी त्याने जँगो १.११ वर साइट केली, आणि एका वाचनालयाची पुस्तकयादी जँगो २.२ वर. २०२१ साली अडत्याच्या धाकट्या मुलाला भाव मोबाइलवर नीट दिसायला हवे झाले, म्हणून त्याच भावांची नवी साइट लारावेल ८ मध्ये केली. अशा या चार साइट, आणि त्या सगळ्या मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या एकाच लहानशा सर्व्हरवर. नांदुऱ्यापासून तो पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असल्यामुळे गावातली वीज गेली तरी साइट चालू राहतात. भाडं मात्र महिन्याला एकाच सर्व्हरचं परवडतं.

फ्रेमवर्क म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. प्रत्येक साइटला काही कामं लागतातच: पत्ता ओळखून योग्य पान दाखवणं, लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, फॉर्म तपासणं. ही कामं करणारा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. कोडइग्नायटर आणि लारावेल हे पीएचपी भाषेतले, तर जँगो पायथॉनमधला. सांगाडा ज्या भाषेत बांधलाय तिच्या ठरावीक आवृत्त्यांवरच तो उभा राहतो. लारावेल ८ ला पीएचपी किमान ७.३ लागते. २०११ च्या त्या जुन्या साइटला ७ ची हवा सोसत नाही, कारण डेटाबेसशी बोलायला ती ज्या जुन्या फंक्शनांचा आधार घेते ती सगळी पीएचपी ७.० ने डिसेंबर २०१५ मध्ये काढून टाकली.

आपल्या तरुणाने एका रात्री नवीन साइटसाठी पीएचपी ७.४ बसवली. नवी साइट उघडली, तो झोपला. सकाळी नऊला अडत्याचा फोन: "काहून बापू, आज भाव दिसून नाही राह्यले?"

झालं होतं असं. अपाचे नावाचा वेब सर्व्हर पीएचपीला आपल्या पोटात घेऊन चालवत होता. या पद्धतीत पीएचपी हे अपाचेचं एक मॉड्यूल असतं, आणि एका अपाचेच्या पोटात एकच पीएचपी मावते. ७.४ आत गेली तशी ५.६ बाहेर पडली. जुन्या साइटच्या कोडमध्ये कोणी एक अक्षर बदललं नव्हतं, तिच्या फोल्डरला हातही लावला नव्हता. बदलली ती सामाईक प्रोसेस.

हाच रोग मायक्रोसॉफ्टच्या घरात आधी होऊन गेला आहे, आणि तिथला प्रकार जास्त गमतीचा होता. २००३ साली विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आयआयएस ६.० हा वेब सर्व्हर आला. त्याच वर्षी एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कची १.१ ही आवृत्ती आली आणि २००५ च्या अखेरीस २.०. दोन्ही एकाच मशिनवर बसवता येत होत्या. मायक्रोसॉफ्टने हे 'शेजारी शेजारी' नांदणं आधीच गृहीत धरलं होतं. पण आयआयएस ६ मध्ये साइट 'अ‍ॅप्लिकेशन पूल' नावाच्या हौदांत चालतात, आणि नवी साइट टाकली की ती आपसूक सामाईक हौदात जाऊन पडे. एका हौदाला एक प्रोसेस, आणि एका प्रोसेसमध्ये डॉट नेटचं एकच इंजिन. मग कोणतं चढायचं? ज्या साइटला पहिली भेट मिळेल तिचं. दुसरीला 'सर्व्हर अ‍ॅप्लिकेशन उपलब्ध नाही' अशी पाटी लागे, आणि नोंदींमध्ये कुठेतरी खोल लिहिलेलं असे की एका प्रोसेसमध्ये एएसपी डॉट नेटच्या दोन आवृत्त्या चालवता येत नाहीत.

त्यात भर म्हणजे वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही तर हौद आपोआप रिकामा होई. ही त्याची मूळ सेटिंग होती. पुढच्या भेटीला पुन्हा शर्यत. म्हणजे सकाळी जुनी साइट चालू, नवी बंद; जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेले की दुपारी नवी चालू, जुनी बंद. तक्रार घेऊन तुम्ही तपासायला जावं तर तुमच्या पहिल्या भेटीनेच ती साइट जिंकावी आणि 'माझ्याकडे तर चालतेय' असं तुम्ही म्हणावं. विहिरीच्या पाळीला निदान वार ठरलेले असतात. उपाय अगदी साधा होता: दुसऱ्या आवृत्तीसाठी दुसरा हौद करायचा. दोन मिनिटांचं काम. ते माहीत नसल्यामुळे जगभरात किती लोकांनी विंडोज पुन्हा टाकली असेल, देव जाणे.

प्रोसेस वेगळी केली म्हणजे सुटलो, असं वाटतं न वाटतं तोच दुसरी सामाईक गोष्ट पुढे येते: वारसा.

सेटिंगची फाइल बहुतेक वेब सर्व्हरांत वरून खाली झिरपते. मुख्य फोल्डरात जे लिहिलं ते आतल्या फोल्डरांना लागू. वडिलांनी घेतलेलं सोसायटीचं कर्ज पोरांच्या सातबाऱ्यावर चढतं, तसंच. सगळे एका पिढीचे असतील तर ही सोय आहे. पिढी बदलली की गोंधळ. एएसपी डॉट नेटमध्ये वरची साइट ३.५ च्या काळातली आणि तिच्या पोटातल्या फोल्डरात २०१० सालची ४.० ची साइट ठेवली, की पोटातली उघडतच नसे. कारण असं: ३.५ मध्ये काही विभागांची ओळख प्रत्येक साइटने स्वतःच्या फायलीत करून द्यायची होती. ४.० ने तीच ओळख मशिनच्या मूळ फायलीत हलवली. आता पोटातली साइट मूळ फायलीतून ती ओळख ऐकते, मग वरच्या साइटच्या, म्हणजे आईच्या, फायलीतून तीच पुन्हा ऐकते आणि 'हा विभाग दोनदा सांगितला' म्हणून अडून बसते. उलट बाजूने आई ४.० ची आणि लेक २.० ची असेल, तर आईच्या फायलीतला 'कोणत्या फ्रेमवर्कसाठी' हा नवा शब्दच लेकीला वाचता येत नाही. दोन्हीकडे चूक कोणाचीच नाही. फाइल दोघींना एकच वाचावी लागते, एवढंच.

यावर मायक्रोसॉफ्टने एक चौकट दिली: आईने आपल्या सेटिंगा त्या चौकटीत टाकायच्या आणि वर लिहायचं की हे लेकरांना लागू नाही. चांगली सोय, पण अर्धी. विभागांची ओळख करून देणारा जो भाग सर्वांत जास्त भांडण लावतो, तोच या चौकटीत बसत नाही. म्हणून माझं सरळ मत असं आहे की दोन पिढ्यांच्या साइट एकीच्या पोटात एक ठेवूच नयेत. दोघींना वेगळं उपनाव (सबडोमेन) द्यावं, वेगळं घर द्यावं. पत्त्यातल्या एका तिरक्या रेघेपायी आयुष्यातल्या चार रात्री घालवू नयेत.

अपाचेकडेही वारशाची फाइल आहे, तिचं नाव टिंबापासून सुरू होतं: डॉट एचटीअ‍ॅक्सेस. प्रत्येक विनंतीला अपाचे वरच्या फोल्डरापासून खालच्यापर्यंत अशा सगळ्या फायली वाचत जातो. मुख्य फोल्डरात वर्डप्रेस असेल तर तिच्या फायलीत एक नियम असतो: पत्त्यावर खरी फाइल किंवा फोल्डर सापडलं नाही तर विनंती माझ्याकडे द्या. आतल्या फोल्डरातल्या दुसऱ्या साइटने स्वतःचे नियम लिहिले नसतील, तर तिची निम्मी पानं वर्डप्रेस गिळते आणि 'पान सापडलं नाही' असं आपल्या रंगीत सजावटीत सांगते. पाटी कोणाच्या सजावटीत लागली आहे, एवढं निरखून पाहिलं तरी चोर सापडतो.

आता आपल्या तरुणाकडे परत. त्याने शोधाशोध केली आणि त्याला योग्य वाट सापडली. पीएचपीला अपाचेच्या पोटातून बाहेर काढून तिच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालवायचं. या व्यवस्थेचं नाव एफपीएम. २०१० पासून ती पीएचपीबरोबरच येते. ५.६ ची एक प्रोसेस, ७.४ ची दुसरी. अपाचेने दारात उभं राहून फक्त विचारायचं, 'कोणाकडे जायचंय?' आणि त्या त्या खिडकीकडे पाठवायचं.

केलं. आणि जुनी साइट आणखीच बिघडली. आधी निदान चुकीचा निरोप तरी येत होता, आता नुसतं ५००, सर्व्हरच अडल्याची खूण. कारण त्या टिंबाच्या फायलीत २०११ च्या माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या, पीएचपीला फोटो जरा मोठा घेऊ दे अशा. त्या ओळी समजणारं मॉड्यूलच आता अपाचेच्या पोटात नव्हतं, त्यामुळे अपाचे त्या ओळीवर अडखळून थांबला. अशा ओळी 'पीएचपी ५ चं मॉड्यूल असेल तरच' या अटीत गुंडाळलेल्या असत्या तर काय झालं असतं? साइट चालली असती, आणि हे जास्त वाईट. ओळी गुपचूप दुर्लक्षिल्या गेल्या असत्या, फोटोची मर्यादा पीएचपीच्या मूळ २ मेगाबाइटवर आली असती, आणि महिन्याभराने कोणीतरी म्हणालं असतं की अलीकडे फोटो चढत नाहीत. कोसळणारी साइट परवडली. गप्प राहून चुकणारी नको.

एफपीएमच्या राज्यात या सेटिंगांची जागा वेगळी आहे: फोल्डरात 'डॉट यूझर डॉट आयएनआय' नावाची फाइल ठेवायची. ती पीएचपी दर वेळी वाचत नाही. एकदा वाचली की ३०० सेकंद तीच लक्षात ठेवते. बदल केल्यावर लगेच पान ताजं करून 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा बदल करणारे बरेच आहेत. पाच मिनिटांनी पहिला आणि दुसरा असे दोन्ही बदल एकदम लागू होतात आणि नक्की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही. चहा घेऊन यावं.

एक सामाईक गोष्ट तर बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. वेबसाठी ५.६ आणि ७.४ वेगळ्या केल्या, पण टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नुसतं 'पीएचपी' असं टंकलं तर कोणती धावते? सर्व्हरने ठरवलेली एकच, बहुधा सर्वांत नवी. रात्री दोन वाजता क्रॉन नावाचा राखणदार जी कामं करतो, जुने भाव काढून टाकणं, बॅकअप घेणं, ती याच आज्ञेने होतात. डेबियन किंवा उबुंटूवर तर पडद्यासाठीची सेटिंगची फाइलही वेगळी असते. दिवसा साइट ५.६ वर नीट चालते आणि रात्री तिचंच काम ७.४ वर मरतं. बॅकअप तीन महिने होत नव्हता, हे बॅकअप लागेल त्या दिवशीच समजतं. क्रॉनच्या ओळीत आवृत्तीसकट पूर्ण नाव लिहिणं, एवढाच उपाय.

पायथॉनच्या दोन साइटकडे आता वळू, कारण माझ्या मते सर्वांत कपटी भांडण त्यांच्यात लागतं. शाळा जँगो १.११ वर, वाचनालय २.२ वर. दोन्ही पायथॉन ३ वर चालतात. पायथॉनवाल्यांनी वेगळं राहण्याची रीत लवकर लावून घेतली: प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं 'आभासी वातावरण', म्हणजे त्याच्या लायब्रऱ्यांची स्वतंत्र कोठी. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ही सोय भाषेबरोबरच मिळते. आपल्या तरुणाने दोन कोठ्या नीट केल्या. १.११ एका कोठीत, २.२ दुसरीत. अपाचेमधल्या एकाच मॉड्यूलने दोन्ही चालवल्या. एक दिवस सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि वाचनालयाची साइट कोसळली. पुन्हा सुरू केला, तर वाचनालय ठीक, शाळा आडवी.

जँगोची साइट उठताना विचारते: माझी सेटिंग कुठे आहे? उत्तर एका पर्यावरण चलात (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये) लिहिलेलं असतं. जँगो तयार करून देतो त्या फायलीत ती ओळ अशी आहे: या चलात आधीच काही लिहिलेलं नसेल, तरच माझं नाव लिही. 'नसेल तरच' हा शिष्टाचार एकट्या साइटसाठी उत्तम. पण पर्यावरण चल हे संपूर्ण प्रोसेसचं असतं, साइटचं नाही. जी आधी उठली तिने आपलं नाव लिहिलं. दुसरी उठली, तिने पाहिलं की इथे काहीतरी लिहिलेलं आहे, आणि सभ्यपणे तेच उचललं. नशीब बरं असेल तर तिला ती फाइल सापडत नाही आणि ती कोसळते. नशीब वाईट असेल, दोन्ही प्रकल्पांच्या वाटा एकमेकांना दिसत असतील, तर वाचनालय शाळेच्या डेटाबेसला जोडलं जातं. जँगोच्या अधिकृत माहितीपत्रकात हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे: एका प्रोसेसमध्ये अनेक साइट चालवल्या तर जी आधी धावेल तिचीच सेटिंग सर्वांना लागू होईल. असे परिच्छेद आपण साइट कोसळल्यानंतरच वाचतो.

दोघींना वेगळी प्रोसेस दिली की हे संपतं. इथे कोठ्या वेगळ्या होत्या, अंगण एक होतं.

याच दोघींत पुढे एक लहानसं भांडण राहिलं. दोन्ही साइट एकाच डोमेनच्या दोन फोल्डरांखाली होत्या. शाळेच्या साइटवर लॉगिन केलं की वाचनालयातून बाहेर, वाचनालयात आलं की शाळेतून बाहेर. जँगो लॉगिनची खूण ज्या कुकीत ठेवतो तिचं नाव सगळीकडे 'सेशनआयडी'. ब्राउझरच्या दृष्टीने नाव एक, पत्ता एक, म्हणजे चिठ्ठीही एकच. शेवटी लिहिणाऱ्याची टिकते. पोर्ट वेगळे असले तरी सुटका नाही, कारण कुकी पोर्ट पाहत नाही. एकीच्या सेटिंगमध्ये कुकीचं नाव बदललं की पुरे. साध्या पीएचपीत याचा भाऊबंद आहे: लॉगिनच्या फायली सगळ्या साइट एकाच फोल्डरात ठेवत असतील, तर किती वेळाने त्या झाडून टाकायच्या याचा ज्या साइटचा हिशेब सर्वांत कमी, तिचा झाडू सगळ्यांच्या फायलींवर फिरतो. मूळ हिशेब १४४० सेकंदांचा, म्हणजे चोवीस मिनिटांचा. 'मी तर तासाभराचा ठेवला होता' हे सांगून उपयोग नसतो.

आणि मराठी माणसाला खास भोगावं लागणारं भांडण अजून राहिलंच आहे.

अडत्याची जुनी आणि नवी साइट एकाच डेटाबेसमधून भाव वाचतात. नवी साइट तयार झाली, भावाचे आकडे बरोबर आले, पण मालाच्या आणि गावाच्या नावांच्या जागी भलतंच. डोक्यावर डावीकडे झुकलेली रेघ असलेला रोमन ए, त्यानंतर बारीक वर्तुळाला चार पाय फुटल्यासारखी खूण, पुन्हा तो ए, पुन्हा ती खूण. मधूनच जपानी येनचं चिन्ह. जुन्या साइटवर मात्र तीच नावं स्वच्छ देवनागरीत.

'नांदुरा' हा शब्द संगणक कसा लिहितो ते पाहू. न, काना, अनुस्वार, द, उकार, र, काना: सात खुणा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून एकवीस बाइट. या तिन्हींतला पहिला बाइट नेहमी २२४ असतो, आणि दुसरा १६४ किंवा १६५. युरोपी अक्षरांच्या जुन्या लॅटिन-१ पद्धतीत मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर. तिथे २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ ती पायांची खूण आणि १६५ येन. देवनागरीच्या तक्त्याचा पहिला अर्धा भाग १६४ मध्ये येतो. दीर्घ ईकार, उकार, एकार, ओकार, हलन्त हे सगळे १६५ मध्ये. म्हणून 'नांदुरा' बिघडला की त्यात येन एकदाच येतो, उकाराचा. 'खामगाव'मध्ये एकही नाही. 'मूर्तिजापूर'मध्ये तीन: दोन ऊकारांचे आणि एक रफाराचा. बिघडलेला मजकूर अंदाजाने वाचणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

जुन्या साइटवर नावं नीट दिसत होती ती दोन चुका एकमेकींना झाकत होत्या म्हणून. २०११ ला मायएसक्यूएल डेटाबेसची मूळ सेटिंग लॅटिन-१ होती. साइटने एकवीस बाइट दिले. डेटाबेसने ती एकवीस युरोपी अक्षरं समजून ठेवली. मागितल्यावर तीच एकवीस परत दिली. ब्राउझरने त्यांना यूटीएफ-८ समजून 'नांदुरा' दाखवलं. मधल्या माणसाला निरोप कळला नाही तरी तो जसाच्या तसा पोचला. नवी साइट जोडताना मात्र स्वच्छ सांगते, मला यूटीएफ-८ मध्ये द्या. आता डेटाबेस आपली हुशारी दाखवतो आणि त्या एकवीस युरोपी अक्षरांचं इमानाने यूटीएफ-८ करून पाठवतो. प्रामाणिक साइटवर कचरा, बेफिकीर साइटवर मराठी.

इथे घाईने तक्ता यूटीएफ-८ मध्ये बदलायची आज्ञा देऊ नये, कारण तसं केलं की कचरा पक्का होतो. आधी बॅकअप. मग तो रकाना नुसत्या बाइटचा करायचा, म्हणजे डेटाबेस अर्थ लावणं थांबवतो, आणि त्यानंतर तो यूटीएफ-८ चा जाहीर करायचा. त्याच रात्री जुन्या साइटच्या जोडणीतही यूटीएफ-८ लिहायचं, नाहीतर आता ती बिघडते. शिवाय जुन्या रकान्याची लांबी तपासा. लॅटिन-१ चा पन्नासाचा रकाना म्हणजे पन्नास बाइट, म्हणजे मराठी सोळा खुणा. 'कृषी उत्पन्न बाजार समिती' त्यात मावत नाही. तुटलेलं शेवटचं अक्षर कुठल्याच पद्धतीने परत येत नाही.

आपला तरुण इथवर येऊन उत्साहात मायएसक्यूएलही ८ वर नेईल, कारण २०१८ साली आलेल्या त्या आवृत्तीने लॅटिन-१ सोडून यूटीएफ-८ हीच मूळ सेटिंग केली. त्याने तसं करू नये. पीएचपी ५.६ तिच्या दारात गेली की अक्षरसंच क्रमांक २५५ मला माहीत नाही, एवढं म्हणून परत फिरते.

बुलढाणा-अकोल्याच्या वाचकाला हे सगळं रेल्वेवरून लवकर समजेल. नांदुऱ्याच्या पुढे जलंब. तिथून खामगावचा फाटा १८७० पासून आहे, तोही ब्रॉडगेज, मुख्य मार्गासारखाच १६७६ मिलिमीटरचा. डबा सरळ फाट्यावर वळवता येतो. आणखी पुढे मूर्तिजापूरला मात्र 'शकुंतला' या लहान गाडीचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते. तिथे एकाच स्थानकात दोन्ही मार्ग नांदले, कारण रूळ वेगळे, इंजिनं वेगळी. फक्त कापसाच्या गाठी या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागत. एका रुळावर दोघांना चालवायचा हट्ट कोणी धरला नाही. सर्व्हरवर ही हमाली दारात उभा असलेला वेब सर्व्हर करतो: विनंती एका खिडकीतून घेतो, आत योग्य रुळावर चढवतो, उत्तर आणून देतो. थोडा वेळ जातो, पण डबा घसरत नाही.

या वेगळेपणाचं टोक म्हणजे कंटेनर. कल्पना जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्येच एखाद्या प्रोसेसला 'हे फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग' असं पटवून देण्याची आज्ञा होती. २०१३ साली डॉकरने ती सोपी करून घरोघर पोचवली. प्रत्येक साइट आपली भाषा, लायब्रऱ्या, सेटिंगा असा सगळा संसार पेटीत घेऊन येते. तरी लहान सर्व्हरवर चार साइटसाठी मी आधी डॉकरकडे जाणार नाही. मेमरी कमी, शिकायला नवं, आणि बिघाड झाला की तो पेटीत की पेटीबाहेर हा एक प्रश्न वाढतो. एफपीएमच्या दोन खिडक्या, पायथॉनच्या दोन प्रोसेस, प्रत्येकीला सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता आणि वेगळी नोंदफाइल, एवढ्याने नांदुऱ्याच्या त्या तरुणाचं काम भागतं.

वेगळा वापरकर्ता हे मी मुद्दाम म्हटलं. जुन्या आवृत्तीला वेगळ्या खोलीत ठेवलं तरी तिचं दार कमकुवतच असतं. पीएचपी ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या, पायथॉन २ ला १ जानेवारी २०२० पासून वाली नाही, जँगो १.११ ची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि २.२ ची एप्रिल २०२२ मध्ये. चारही साइट एकाच वापरकर्त्याच्या नावावर चालत असतील, तर भावफलकातून आत शिरलेला माणूस वाचनालयाच्या सभासदांची यादीही वाचून जातो.

तेव्हा तुमच्याही सर्व्हरवर अशी एखादी म्हातारी साइट असेल, तर तिला बंद करण्याची तारीख गिऱ्हाइकाशी बोलून आजच ठरवा. ती सेटिंगच्या फायलीत सर्वांत वरच्या ओळीला टिप्पणी म्हणून मराठीत लिहा: ही साइट कोणाची, कोणत्या आवृत्तीवर, केव्हापर्यंत. आणि फाइल जतन करताना ती यूटीएफ-८ मध्येच करा.